यादीतला अकरावा रकाना

नोकरीबद्दल लिहायला बसले तेव्हा सवयीप्रमाणे आधी यादी केली. नेमणूक, बदल्या, बढत्या, सत्कार. वाचून पाहिली आणि खोडून टाकली. तेवीस वर्षांत माझी बदली एकदाच झाली, तीही रस्त्याच्या या बाजूच्या इमारतीतून त्या बाजूच्या इमारतीत. सांगण्यासारखं एकच आहे : ज्या बाई पुढे अंतराळात गेल्या, त्यांच्या हाताखाली मी चार हंगाम बोंडं मोजली. आणि त्यांचं जाणं माझ्यामुळे जवळजवळ राहिलंच होतं.

मी कापूस संशोधनाच्या एका लहान उपकेंद्रात शेतसहायक आहे. यवतमाळहून आर्णीकडे जाताना रस्त्यालगत दोन बैठ्या इमारती आणि मागे पंधरा एकर काळी जमीन लागते, ते आमचं केंद्र. माझं माहेर बाभुळगावचं. शेतसहायकाचं काम काय, असं नातेवाईक अजून विचारतात. शास्त्रज्ञ प्रश्न काढतात. आम्ही पेरतो, मोजतो, लिहितो. किती झाडं उगवली, किती पात्या, म्हणजे कळ्या, लागल्या, किती गळल्या, किती बोंडं धरली. शास्त्रज्ञ हुशार असतो, पण त्याची हुशारी आमच्या आकड्यावर उभी असते. माझी वही कधी चुकत नाही असं केंद्रात म्हणत. मीही म्हणत असे.

डॉ. शर्वरी आमच्याकडे आल्या ती कापसाची फार वाईट वर्षं होती. बोंडअळीला मारणारं बीटी बियाणं नवीन आलं होतं. गावागावांत त्याच्यावर वाद चाले. एक म्हणे हेच तारेल, दुसरा म्हणे हेच बुडवेल. अशा वेळी मॅडम आल्या आणि त्यांनी पहिल्याच आठवड्यात माणसं लावून शेतात कमरेइतका खोल चर खणायला घेतला.

"वर पऱ्हाटी उभी हाय अन् ह्या खाली काय पाहून राह्यल्या?" शेवंताबाईंनी मला विचारलं. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड. शेवंताबाई म्हणजे आमच्याकडे वेचायला येणाऱ्या बायांच्या म्होरक्या. त्यांचं वय कुणाला माहीत नव्हतं आणि विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

"मुळं," मी म्हटलं. "मुळांच्या डॉक्टर आहेत त्या."

त्यातला 'डॉक्टर' एवढाच शब्द बायांनी उचलला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिघी रांगेत उभ्या. "डाक्टरीनबाई, कंबर दुखून राह्यली. गोळी द्या ना एखांदी."

मॅडम म्हणाल्या, "मी झाडांची डॉक्टर आहे हो."

शेवंताबाई म्हणाल्या, "मंग आमच्याच कामाच्या. आम्ही बी दिवसभर झाडावानीच उभ्या असतो."

मॅडमचा विषय थोडक्यात असा. सरकी कशीही टाका, आडवी, उभी, उलटी. मूळ खालीच जातं. त्याला 'खाली' कसं कळतं? हे दाखवायला त्यांनी काचेच्या ग्लासात ओला टीपकागद लावून त्याच्या आड सरकी ठेवली. मूळ बोटभर खाली आलं की ग्लास आडवा करायचा. दोन दिवसांत मूळ वळून पुन्हा जमिनीच्या दिशेला. पुन्हा फिरवा, पुन्हा वळलं. चौथ्या दिवशी ते मूळ जिलबीसारखं झालं होतं. बाया कामावर आल्या की आधी ग्लास पाहायच्या, मग विळे उचलायच्या.

केळापूरकडचे एक शेतकरी एकदा अख्खी पऱ्हाटी मुळासकट ओल्या टॉवेलात गुंडाळून एसटीनं घेऊन आले. कंडक्टर म्हणे झाडाला तिकीट लागेल, हे म्हणे, "पेशंट हाय, दवाखान्यात नेऊन राह्यलो." अर्धी गाडी त्यांच्या बाजूनं झाली, म्हणून सुटले. झाडाचं मूळ वीतभर खाली जाऊन काटकोनात वळलं होतं. मॅडमनी त्यांना बसवून समजावलं : दरवर्षी एकाच खोलीवर नांगर चालवला की त्याखाली मातीचा कडक थर बसतो. मुळाला खाली जायचंच असतं, वाट मिळत नाही. त्या गृहस्थांनी मुळाच्या वळणावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हंजे पऱ्हाटी बरोबर हाय. मीच आडवा आलो." मॅडमनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. ऐकलेलं लिहून घेणारा शास्त्रज्ञ मी तोवर पाहिला नव्हता.

तिसऱ्या हंगामात त्यांनी अर्ज केला. अंतराळात झाडं वाढवण्याचे प्रयोग करायला शास्त्रज्ञ हवे होते, निवड झाली तर प्रशिक्षण देऊन वर पाठवणार होते. कुठली संस्था, कुठला देश हे मुद्दाम लिहीत नाही. मी विचारलं, "मॅडम, तिथे काय शोधायचं?"

"इथे ग्लास फिरवला की मूळ वळतं, कारण खाली हे खालीच राहतं. तिथे खालीच नाही. मग मूळ काय करेल?"

"काय करेल?"

"तेच बघायचंय. कुणी सांगून समाधान होणार नाही."

पुढच्या चाळण्यांत हजारातून शंभर, शंभरातून थोडे असं होत चौथ्या हंगामात दिल्लीच्या शेवटच्या मुलाखतीचं पत्र आलं. सोमवारी सकाळी दहा वाजता. नागपूरहून शनिवारी संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढलं. सामानाची यादी मी केली, एकोणीस वस्तू. तो आठवडा मॅडम शेताकडे फिरकल्या नाहीत, खोलीत बसून तयारी करत होत्या. मीच म्हटलं होतं, "मोजणीचं मी बघते."

आता ही मोजणी नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

शेंदरी बोंडअळी बोंडात शिरते तेव्हा बाहेरून काही दिसत नाही. बोंड हिरवंगार, आत अळी. म्हणून एकरी वीस हिरवी बोंडं तोडून फोडून पाहायची. आमचा बीटीचा प्लॉट पाच एकरांचा, म्हणजे शंभर बोंडं. शंभरात दहांत अळी निघाली की धोका. आकडा दर शुक्रवारी वरच्या कार्यालयात जाई आणि त्यावरून रविवारी आसपासच्या गावांना सल्ला मिळे : फवारा किंवा थांबा. फवारा म्हटलं की दुसऱ्या सकाळी शे-दोनशे माणसं पाठीवर विषारी औषधाचा पंप घेऊन, तोंडाला नुसता रुमाल बांधून शेतात. आमच्या आकड्याचं वजन ते होतं.

अजून एक गोष्ट. बीटीच्या पाकिटासोबत साध्या सरकीची एक पुडी येते. ती शेताच्या चारही कडांनी पाच तास, म्हणजे पाच ओळी, पेरायची असते. अळ्यांनी तिथे खावं, जगावं, म्हणजे सगळ्याच अळ्या बीटीला सरावून निगरगट्ट होत नाहीत. बहुतेक शेतकरी ती पुडी टाकून देत. आम्ही नियमानं पेरली होती. मीच पेरून घेतली होती. यादीत त्यापुढे माझी बरोबरची खूण आहे.

त्या गुरुवारी मी टोपली घेऊन प्लॉटच्या मधोमध गेले. आधीचे आठवडे फुलं पाहून मोजलं होतं, बोंड तोडायची वेळ त्या हंगामात पहिलीच. पहिलं बोंड तोडलं तोच मागून आवाज आला.

"काहून वं माय? हिरवे लेकरं कायले तोडून राह्यली? परवा सीतादही हाय ना."

सीतादही म्हणजे पहिल्या वेचणीचा दिवस. बाया एका पऱ्हाटीपाशी दहीभात ठेवतात, हळदकुंकू वाहतात, नव्या कापसाचा पुंजका झाडाला गुंडाळतात आणि मग ओटीत पहिला कापूस येतो. तोवर उभ्या पिकातलं बोंड कुणी तोडू नये असा शेवंताबाईंचा दंडक होता. आधीच्या हंगामांत बोंडं तोडायची वेळ त्यानंतरच आली होती.

मी समजावू शकले असते. पण आमच्या घरी सीतादही नाही. आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून हे सगळं सुटलं. मला वाटलं, ज्या घरात हे पाळत नाहीत त्या घरच्या बाईनं नेमकं हे मोडू नये. चार जणी म्हणतील, हिला काय त्याचं. शेवंताबाई तसं म्हणाल्या नव्हत्या. म्हणाल्याही नसत्या. ते सगळं माझ्याच डोक्यात होतं. मी काही न बोलता टोपली उचलली आणि धुऱ्याकडे, म्हणजे शेताच्या कडेला, गेले. कडेच्या ओळींना बाया पिकात धरत नसत. ते येणाऱ्याजाणाऱ्याचं, शेळ्यामेंढ्यांचं. तिथून मी शंभर बोंडं तोडली.

चोवीसांत अळी निघाली.

मी दोनदा मोजलं. वहीत दहा रकाने होते : तारीख, प्लॉट, वाण, पेरणी, वय, बोंडं, अळ्या, टक्के, हवामान, सही. दहाही भरले. बोंडं कुठून तोडली हा रकानाच नव्हता, त्यामुळे तो रिकामाही दिसला नाही.

शुक्रवारी मॅडमनी आकडा पाहून कपाळाला आठी घातली. "चोवीस? नक्की?"

"दोनदा मोजलेत, मॅडम. मी स्वतः."

"तुम्ही मोजलेत म्हणजे प्रश्न नाही," म्हणाल्या आणि सही केली. कागद गेला.

शनिवारी सकाळी सीतादही झालं. मी बाजूला उभी होते. शेवंताबाईंनी पुंजका गुंडाळला, हात पुसले आणि सगळ्यांसमोर माझ्याकडे वळल्या. "ह्या सुनंदाबाईनं मन राखलं बाप्पा. एक शब्द नाई बोलल्या. गेल्या अन् धुऱ्याकडचेच बोंडं नेले."

बायांनी कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. धुऱ्याकडचे. म्हणजे साध्या सरकीचे. अळीनं खावं म्हणूनच पेरलेले.

सकाळचे अकरा वाजत होते. जीप इमारतीपुढे उभी होती, मॅडमची बॅग मागे ठेवलेली. ड्रायव्हरला नागपूरला पोचायला पाच तास लागणार होते, आणि गाडी पाचची. मी धावत गेले आणि जे होतं ते सांगितलं. मध्ये थांबले असते तर पूर्ण सांगू शकले नसते.

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. सगळी शंभर कडेची? हो. मधलं एकही नाही? एक तोडलं होतं, ते मोजलं नाही. सल्ला किती वाजता निघतो?

यवतमाळच्या वरच्या कार्यालयाला फोन लावला. पलीकडचे साहेब म्हणाले, "मॅडम, सल्ला तयार आहे, फवारा म्हणूनच. बदलायचा तर नवी मोजणी पाठवा. सहापर्यंत. तुमच्या सहीची."

मॅडमनी फोन ठेवला. मी म्हटलं, "तुम्ही कोऱ्या कागदावर सही करून निघा. मी मोजते, आकडा भरते आणि पाठवते. अजून गाडी मिळेल."

आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला तो फार सोयीचा तोडगा वाटला होता.

त्या म्हणाल्या, "काल मी न बघता सही केली. आज न मोजता करू? चुकीची एकेक पायरी चढतेय का मी?"

आणि जीपमधून बॅग काढून त्यांनी स्वतः व्हरांड्यात ठेवली. मग चपला बदलल्या. ते मला अजून दिसतं. दिल्लीसाठी घेतलेल्या नव्या चपला काढून कोपऱ्यात जोडीनं ठेवल्या आणि शेतातले बूट घातले.

आम्हाला प्लॉटवर आलेल्या पाहून शेवंताबाईंनी विचारलं, "अवो, तुमची गाडी ना आज?"

"चुकली," मॅडम म्हणाल्या. घड्याळात सव्वाबारा झाले होते. गाडी अजून सुटलीही नव्हती.

मी शेवंताबाईंना खरं सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला. "अवो माय! मंग सांगतलं काहून नाई? तपासाले पायजे म्हटलं असतं तं आम्ही काय नाई म्हणणार होतो? सीता काय एवढी कोती हाय का?"

मॅडम म्हणाल्या, "चूक त्यांची एकटीची नाही. मी बघायला आले नाही." शेवंताबाईंनी दोघींकडे पाहिलं, पदर खोचला आणि ओरडल्या, "चला गं! वेचा राहू द्या घडीभर. डाक्टरीनबाईचं पाहू."

बाया मधल्या ओळींत पसरल्या. मॅडम ठरलेल्या पावलांवर थांबून झाड दाखवायच्या, बाई बोंड तोडायची, मॅडम फोडायच्या, मी आकडा म्हणायचे, मॅडम तो परत म्हणायच्या, मग मी लिहायचे. शंभर मधली झाली. मग मॅडम म्हणाल्या, "आता कडेची शंभर पुन्हा. वेगळी लिहा. कालचा आकडा खोटा नव्हता, जागा चुकली होती. दोन्ही दाखवू." मधल्या शंभरांत एक अळी. कडेच्या शंभरांत सव्वीस.

कागद जीपनं यवतमाळला पाच वाजता पोचला. रविवारचा सल्ला निघाला : फवारू नका. त्या कागदावर मी हातानं उभी रेघ मारून अकरावा रकाना केला होता. 'कुठून?'

मॅडम रविवारच्या गाडीनं गेल्या. विमानाचं तिकीट मिळालं नाही. सोमवारी दुपारी पोचल्या तेव्हा त्यांची वेळ केव्हाच टळली होती. दिवसभर बाकावर बसून राहिल्या. शेवटी संध्याकाळी, सगळे आवरायला लागले असताना, निवड मंडळानं दहा मिनिटं दिली. उशिराचं कारण विचारलं. परत आल्यावर मी विचारलं, काय सांगितलंत?

"खरं तेच. आमच्या यादीत एक रकाना कमी होता, तो वाढवायला एक दिवस लागला."

"आणि चूक कुणाची, ते?"

"म्हटलं ना, आमच्या यादीत."

दहा मिनिटांची मुलाखत तासभर चालली, आणि मुळांबद्दल एकही प्रश्न नव्हता, सगळे त्या बोंडांबद्दल. पाच महिन्यांनी निवडीचं पत्र आलं. त्या दिवशी मी केंद्राच्या मागे जाऊन पाच मिनिटं रडले आणि मग त्यांच्या सामानाची यादी करायला बसले.

अंतराळवीराचं काम म्हणजे उड्डाण, असं आपल्याला वाटतं. मॅडमच्या पत्रांवरून कळलं की ते काम म्हणजे मुख्यतः वाट पाहणं. त्या अकरा वर्षं थांबल्या. दोनदा दुसऱ्यासाठी राखीव म्हणून पूर्ण तयारी केली आणि दोन्हीदा तो दुसरा गेला; यांनी त्याला हात हलवून निरोप दिला. मोठ्या हौदात पाण्याखाली सहा-सहा तास अवजड पोशाख घालून बोल्ट पिळायला शिकल्या. रशियन शिकल्या. दात काढायला शिकल्या, कारण वर दाताचा डॉक्टर नसतो. एका पत्रात लिहिलं होतं, "इथे प्रत्येक कामाची यादी असते. एक वाचतो, दुसरा करतो आणि परत म्हणतो. सगळे म्हणतात किती कडक पद्धत. मला काही वाटत नाही. मी सीतादहीच्या दिवशी शिकून आले आहे." तक्रार एकाही पत्रात नव्हती. थकले एवढं एकदा लिहिलं होतं, ते दुसऱ्यांदा राखीव राहिल्या तेव्हा.

मला एक खंत आहे, ती इथेच लिहून ठेवते. त्या प्रकरणानंतर आमच्या आकड्याकडे वर जरा तिरकस पाहिलं जाऊ लागलं. काही वर्षांनी शेंदरी अळी खरोखरच बीटीत आली, प्लॉटच्या मधोमध, तेव्हा आमचा कागद खात्री करण्यासाठी दोन दिवस टेबलावर पडून राहिला. अकरावा रकाना भरलेला होता. तरी. त्या दोन दिवसांत किती शेतं हातची गेली ते मला माहीत नाही आणि मी अंदाज करत नाही.

मॅडम शेवटी गेल्या. त्यांचा प्रयोग टीव्हीवर दाखवणार होते त्या सकाळी केंद्रातल्या हॉलमध्ये साठ खुर्च्या मांडल्या आणि माणसं शंभरावर आली. शेवंताबाईंना नातवानं मोटरसायकलवरून आणलं. आता नीट दिसत नाही, म्हणून त्या पहिल्या रांगेत, पडद्याला नाक लावून बसल्या. मी शेजारी.

मॅडम दिसल्या. केस वर तरंगत होते.

"पडून राह्यल्या का उभ्या हायेत?" शेवंताबाईंनी विचारलं.

"तिथे तसं काही नसतं. खाली-वर नाहीच."

"मंग मूळ कोणीकडे गेलं?"

मॅडमनी पारदर्शक पेटी पुढे धरली. आत कापसाची रोपं, हाताएवढ्या जागेत सहा ओळी. मुळं सगळीकडे गेली होती, भिंतीकडे, छताकडे, एकमेकांत. हॉलमधली माणसं पुढे वाकली. मग एक जण म्हणाला, "बिचारे," आणि सगळे हसले.

मॅडम जमिनीवरच्या सहकाऱ्यांशी इंग्रजीत बोलत होत्या. नमुना घ्यायचा होता. खालून एक जण यादी वाचत होता, त्या परत म्हणत होत्या. नमुना कशाचा. किती. बारा. मग तो म्हणाला, कुठून? आणि मॅडमनी कॅमेऱ्याकडे पाहून सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हटलं : मधून. कडेच्या ओळी सोडून.

मला पडदा धूसर दिसायला लागला. शेवंताबाईंनी कोपर मारलं.

"काय म्हणून राह्यली वं ते?"

"धुऱ्याकडचे सोडले म्हणतात. मधलेच घेते म्हणतात."

शेवंताबाईंनी मान डोलावली, खुर्चीत मागे टेकल्या आणि समाधानानं म्हणाल्या, "मंग सीतादही झालं असंल तिकडचं."